अस्वस्थ पाय व नीलाविकार : एका संबंधाचा इतिहास

रात्री अंथरुणावर पडल्यावर किंवा बराच वेळ एका जागी बसल्यावर पायांत, विशेषतः पोटऱ्यांत, वळवळ, ओढ, मुंग्या किंवा काहीतरी सरपटत असल्यासारखी चमत्कारिक संवेदना होणे, पाय हलविण्याची अनिवार इच्छा होणे आणि पाय हलविले किंवा उठून चालले म्हणजे तेवढ्यापुरते बरे वाटणे, या लक्षणसमूहास ‘अस्वस्थ पाय’ अथवा ‘विलिस-एकबॉम रोग’ म्हणतात. अपस्फीत नीला (फुगून वेड्यावाकड्या झालेल्या शिरा) व नीलांतील झडपांची अकार्यक्षमता हे पायांचे याहून कितीतरी अधिक प्रमाणात आढळणारे विकार होत. त्यांतही पाय जड होणे, दुखणे, खाज सुटणे, मुंग्या व पेटके येणे ही लक्षणे असतात आणि ती दिवस मावळता वाढतात. दोन्ही विकार एकाच अवयवात, पुष्कळदा एकाच व्यक्तीत व जवळजवळ एकाच प्रहरी जाणवत असल्याने त्यांचा परस्परसंबंध कोणता, हा प्रश्न वैद्यकात पुनःपुन्हा उपस्थित झालेला आहे. तो केवळ पंडिती वादाचा नाही. मेंदूवर काम करणारी औषधे द्यावयाची, लोह द्यावयाचे की शीर बंद करावयाची, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते व चुकीच्या उत्तराची किंमत रुग्णाला झोप गमावून किंवा अनावश्यक शस्त्रक्रिया सोसून द्यावी लागते.

प्राचीन व मध्ययुगीन ज्ञान : या दोहोंपैकी नीलाविकार उघड्या डोळ्यांना दिसणारा असल्याने त्याचा इतिहास फार जुना आहे. ईजिप्तमधील एबर्स पपायरसमध्ये (सु. इ. स. पू. १५५०) सापासारख्या नागमोडी फुगवट्यांवर शस्त्र न चालविण्याचा सल्ला आढळतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथींच्या प्रकारांत सिराज ग्रंथीचा अंतर्भाव असून अशक्त माणसाने अतिश्रम केल्याने तो होतो, असे म्हटले आहे. त्याच संहितेत पादहर्ष या वातविकाराचे वर्णन आहे. त्यात मुंग्या व बधिरपणा यांचा उल्लेख येतो. परंतु पाय हलविण्याची अनिवार ओढ व रात्रीची वेळ ही अस्वस्थ पायांची दोन निर्णायक लक्षणे तेथे नसल्याने पादहर्ष म्हणजे हाच विकार, असे म्हणता येत नाही.

नीलांतील झडपांचे सविस्तर वर्णन पॅड्युआ येथील शारीरविज्ञ फाब्रिशियस (१५३३–१६१९) यांनी १६०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचे शिष्य विल्यम हार्वी (१५७८–१६५७) यांनी रक्ताभिसरणाच्या आपल्या १६२८ मधील ग्रंथात या झडपा रक्ताला हृदयाच्या दिशेनेच जाऊ देतात, हे दाखविले. झडपा निकामी झाल्या म्हणजे रक्त उलट खाली उतरते, या कल्पनेवर शस्त्रक्रिया उभारण्यास मात्र आणखी अडीच शतके लागली. १८९० च्या सुमारास जर्मन शस्त्रक्रियाविशारद फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ख (१८४४–१९२४) यांनी मांडीच्या आतील बाजूची लांब उपरिस्थ नीला बांधण्याची पद्धत प्रचारात आणली.

विलिस ते ओपनहाइम : अस्वस्थ पायांचे पहिले निःसंदिग्ध वर्णन इंग्रज वैद्य टॉमस विलिस (१६२१–७५) यांच्या १६७२ मधील लॅटिन ग्रंथात सापडते. १६८५ मध्ये त्याचा आशय इंग्रजीत आला. अंथरुणावर पडताच काही रुग्णांच्या हातापायांत हिसके व कंडरांचे आकुंचन सुरू होते, अंगाची तगमग होते आणि छळछावणीत असल्याप्रमाणे त्यांना झोप लागत नाही, असा त्या वर्णनाचा मथितार्थ आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या रोहिणींच्या वलयाला ज्यांचे नाव दिले गेले, ते विलिस हेच. रक्तवाहिन्यांचा इतका जाणकार असूनही त्यांनी या विकाराचे मूळ रक्तवाहिन्यांत शोधले नाही, तर तंत्रिकांतून (मज्जातंतूंतून) वाहणाऱ्या चैतन्यद्रव्याच्या क्षोभात शोधले, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. चैतन्यद्रव्याची कल्पना पुढे टाकून देण्यात आली. पण विकाराचे स्थान तंत्रिका तंत्रात असल्याचा त्यांचा अंदाज विसाव्या शतकात पुष्कळ अंशी खरा ठरला.

पुढील दोन शतकांत विकाराला नावे मिळाली, पण प्रतिष्ठा मिळाली नाही. माँपेल्ये येथील सोव्हाझ यांनी १७६३ मधील आपल्या रोगवर्गीकरणात त्याला ‘अँक्झिएटास टिबिआरम’ (नडग्यांची बेचैनी) म्हटले. थेओडोर विटमाक यांनी १८६१ मध्ये तेच नाव वापरून त्याची गणना उन्मादात केली व अमेरिकेत जॉर्ज मिलर बीअर्ड (१८३९–८३) यांनी तो तंत्रिकादौर्बल्याचा भाग मानला. परिणामी रात्र रात्र येरझारा घालणाऱ्या रुग्णाला, त्यातही स्त्रीरुग्णाला, तुझा आजार मनाचा आहे असे ऐकावे लागे. हेर्मान ओपनहाइम यांच्या पाठ्यपुस्तकाने तो तंत्रिकाविकार असल्याचे व काही कुटुंबांत आनुवंशिकतेने येत असल्याचे नोंदविले, तरी जुनी समजूत लगेच गेली नाही.

एकबॉम यांचे कार्य : स्वीडिश तंत्रिकाविज्ञ कार्ल-आक्सेल एकबॉम (१९०७–७७) यांनी १९४४ मध्ये एक लेख व १९४५ मध्ये एक प्रबंध प्रसिद्ध करून विकाराला आधुनिक रूप व ‘अस्वस्थ पाय’ हे नाव दिले. निरोगी समजल्या जाणाऱ्या व्यक्तींतही सु. ५ टक्के जणांना तो सौम्य प्रमाणात असतो व गर्भवती स्त्रियांत हे प्रमाण सु. ११ टक्क्यांपर्यंत जाते, असे त्यांना आढळले. विकाराच्या मुळाशी पायांतील रक्तपुरवठ्याचा बिघाड असावा, या विचाराकडे त्यांचा कल होता आणि म्हणून रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे त्यांनी वापरून पाहिली. त्यांच्या मनातील बिघाड मुख्यतः ऊतकांना रक्त पोहोचण्यातील होता, नीलांतून ते परतण्यातील नव्हे. तरीही रोगाचे मूळ पायातच असू शकते, ही शंका त्यांच्यामुळे वैद्यकाच्या दप्तरी नोंदली गेली.

ती शंका पुढे मागे पडली, याची कारणे स्वीडनमध्येच सुरू होतात. नील्स-ब्रागे नॉर्डलँडर यांनी १९५३ मध्ये नीलेतून लोहाची संयुगे दिल्यावर रुग्णांना आराम पडतो असे दाखविले व रक्तक्षय नसतानाही शरीरातील लोहाची तूट या विकारास कारण होऊ शकते, असे मत मांडले. १९८२ मध्ये तुर्की तंत्रिकाविज्ञ शेव्हकेत अक्पिनार यांनी लेव्होडोपा या कंपवातावरील औषधाचा गुण येतो असे प्रसिद्ध केले व सगळे लक्ष मेंदूतील डोपामीन या तंत्रिकाप्रेषकाकडे वळले. इ. स. २००० नंतर मस्तिष्क-मेरुद्रवातील फेरिटीनाचे अल्प प्रमाण व मरणोत्तर तपासणीत मेंदूच्या कृष्ण द्रव्यात आढळलेली लोहाची तूट यांमुळे लोह व डोपामीन हे दोन धागे एकत्र आले. २००७ मध्ये विकाराशी निगडित असे जीनही सापडले. आइसलँडमध्ये केलेल्या अभ्यासात त्यांपैकी एका जीनाचा विशिष्ट प्रकार असलेल्या व्यक्तींत शरीरातील लोहसाठाही कमी असल्याचे दिसले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तंत्रिकाविज्ञांच्या दृष्टीने प्रश्न बहुतांशी सुटल्यासारखा होता.

नीलाचिकित्सकांचा दावा : नीलांवर उपचार करणाऱ्यांचा अनुभव मात्र निराळा होता. पाय दाखवावयास आलेले कित्येक रुग्ण रात्रीच्या बेचैनीची तक्रार करीत व शिरांवर उपचार झाल्यावर ती गेली, असे आपणहून सांगत. १९९५ मध्ये अमेरिकेतील ए. एच. कँटर यांनी या अनुभवाला आकड्यांचे रूप दिले. त्यांनी तपासलेल्या १,३९७ नीलारुग्णांपैकी ३१२ जणांना, म्हणजे सु. २२ टक्के जणांना, अस्वस्थ पायांची लक्षणे होती. त्यांपैकी ११३ जणांच्या दूषित नीलांत सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे शीर आतून चिकटवून बंद करणारे द्रव्य अंतःक्षेपणाने घालण्यात आले. ९८ टक्के रुग्णांनी आरंभी आराम पडल्याचे सांगितले. एका वर्षाने ८ टक्के व दोन वर्षांनी २८ टक्के रुग्णांत लक्षणे परतली.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅक्‌डोना व सहकारी यांच्या तुलनेत चिरकारी नीलाविकार असणाऱ्यांपैकी ३६ टक्के, तर तो नसणाऱ्यांपैकी १९ टक्के व्यक्तींना अस्वस्थ पायांचा त्रास आढळला. पुढल्याच वर्षी हेज व सहकारी यांनी ३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्वांना मध्यम ते अतितीव्र स्वरूपाचा त्रास होता व त्यांच्या उपरिस्थ नीलांतील उलटा प्रवाह श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या साहाय्याने सिद्ध झालेला होता. शिरेत लेसर किरणांची तार घालून ती बंद केल्यावर शस्त्रक्रिया झालेल्या गटात त्रासाचा सरासरी गुणांक २६·९ वरून ५·५ वर आला (कमाल गुण ४०) आणि जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांत तो शून्य झाला. इतका उतार औषधांनीही क्वचितच पडतो.

हे आकडे जितके आकर्षक तितकेच ते जपून वाचावे लागतात. कँटर यांच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि हेज यांच्या अभ्यासातील रुग्णांना आपल्यावर शस्त्रक्रिया झाली आहे की नाही, हे अर्थातच ठाऊक होते. अस्वस्थ पायांचे मोजमाप शेवटी रुग्णाच्या सांगण्यावरच होते आणि या विकारात निष्क्रिय गोळीचाही प्रभाव विलक्षण असतो. औषधांच्या चाचण्यांचा २००८ मध्ये एकत्रित आढावा घेतला असता, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकीही एक तृतीयांशाहून अधिक जणांना लक्षणीय बरे वाटल्याचे दिसून आले. मग शस्त्रक्रियेसारख्या मनावर ठसणाऱ्या उपचाराचा तसा परिणाम किती होत असेल, याचा विचार व्हावयास हवा. शिवाय नीलाचिकित्सकाकडे येणारे लोक पायांच्या त्रासामुळेच आलेले असतात. त्यांच्यातील प्रमाण सर्व समाजाला लावता येत नाही.

समाजातील प्रमाण पाहिले असता चित्र पालटते. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे १८ ते ६४ वर्षे वयाच्या १,५६६ नागरिकांचा जो नीलाभ्यास झाला, त्यात वयाचा हिशेब जमेस धरून पुरुषांत सु. ४० टक्के व स्त्रियांत सु. ३२ टक्के लोकांत मुख्य नीला अपस्फीत झालेल्या आढळल्या. जो विकार प्रौढांपैकी तिघांतील एकाला आहे, तो अस्वस्थ पायांच्या रुग्णांतही पुष्कळदा केवळ योगायोगाने सापडणारच. याच अभ्यासाच्या १९९९ मधील एका लेखात लक्षणांचा स्वतंत्र विचार करण्यात आला व विचारलेल्या लक्षणांत ‘अस्वस्थ पाय’ हेही होते. पुरुषांत फक्त खाज आणि स्त्रियांत जडपणा, ठणका व खाज यांचाच मुख्य नीलांच्या अपस्फीतीशी संबंध आढळला. अस्वस्थ पायांचा आढळला नाही. नीलाचिकित्सकांच्या लिखाणात हा लेख जितका पुढे यावयास हवा तितका येत नाही.

भारतातील परिस्थितीवर प्रकाश टाकणारी माहिती थोडी आहे. बंगळुरू येथील नागरी प्रौढांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अस्वस्थ पायांचे प्रमाण सु. २ टक्केच भरले. पाश्चात्त्य देशांतील आकड्यांपेक्षा ते बरेच कमी आहे.

संभाव्य कार्यकारणभाव : उभ्या माणसाच्या पावलाजवळील नीलेत रक्ताचा दाब पाऱ्याच्या ८० ते १०० मिमी. स्तंभाइतका असतो. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावून पंपाप्रमाणे रक्त वर ढकलतात, झडपा ते खाली येऊ देत नाहीत व दाब ३० मिमी. च्या खाली उतरतो. झडपा निकामी असतील, तर चालूनही दाब पुरेसा उतरत नाही, केशवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, पाय सुजतो व ऊतकांना ऑक्सिजन कमी मिळतो. साचलेली चयापचयी द्रव्ये संवेदी तंत्रिकांची टोके चाळवीत असावीत आणि पाय हलविल्याने पंप सुरू होऊन ती वाहून जात असावीत, अशी नीलावाद्यांची उपपत्ती आहे. तिला दोन बाजूंनी काही आधार मिळालेला आहे. २००९ मध्ये पायांना ठरावीक वेळाने हवेच्या दाबाने आवळणाऱ्या साधनाची ३५ जणांवर चाचणी झाली. काहींना नाममात्र दाबाचे, परिणाम न होणारे साधन देण्यात आले होते. खऱ्या साधनाने एक तृतीयांश रुग्णांचा त्रास पूर्णपणे थांबला. नाममात्र साधनाने एकाचाही थांबला नाही. २०१४ मध्ये फिनलंडमधील संशोधकांना अस्वस्थ पायांच्या रुग्णांत पायांच्या त्वचेतील ऑक्सिजनाचा दाब निरोगी व्यक्तींपेक्षा कमी आढळला. एकबॉम यांच्या जुन्या शंकेला सत्तर वर्षांनी मिळालेला हा प्रतिसाद म्हणता येईल. तथापि अस्वस्थ पायांच्या रुग्णांतील ऑक्सिजनाची ही उणीव झडपांमुळेच आहे, असे त्यावरून ठरत नाही.

या उपपत्तीपुढची खरी अडचण साधी आहे. नीलाविकाराचा त्रास उभे राहिल्याने वाढतो व पाय उशीवर ठेवून आडवे झाल्याने कमी होतो. अस्वस्थ पायांचा त्रास नेमका आडवे झाल्यावर सुरू होतो. रुग्णाच्या पायांतील रक्त परतीच्या वाटेला लागण्यास सर्वांत सोयीची जी स्थिती, तिच्यातच त्याची तगमग शिगेला पोहोचते. दिवसभर साचलेल्या द्रवाचा परिणाम रात्री उशिरापर्यंत टिकतो असे मानून ही विसंगती काही अंशी दूर करता येते, पण पूर्णपणे नाही.

गर्भारपण हे या गुंत्याचे उत्तम उदाहरण होय. वाढता गर्भाशय ओटीपोटातील नीलांवर दाब आणतो, रक्ताचे आकारमान वाढते, संप्रेरकांमुळे शिरांच्या भित्ती सैल होतात व अपस्फीत नीला उत्पन्न होतात. त्याच महिन्यांत गर्भ मातेच्या लोहसाठ्यातून आपला वाटा घेतो. अस्वस्थ पायांचा त्रास गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत सर्वाधिक असतो व प्रसूतीनंतर बहुधा लवकर ओसरतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन पाहणीत मूल न झालेल्या स्त्रियांत ६४ वर्षांपर्यंत या विकाराचे प्रमाण पुरुषांइतकेच, तर बाळंतपणांच्या संख्येबरोबर ते वाढत गेलेले आढळले. अपस्फीत नीलाही बाळंतपणांबरोबर वाढतात. तेव्हा चार मुलांच्या आईला दोन्ही विकार झालेले दिसले, तर एकाने दुसरा उत्पन्न केला की दोहोंचे मूळ एकच, हे त्या एका स्त्रीकडे पाहून सांगता येत नाही. वय व लठ्ठपणा यांनीही अशाच प्रकारे दोन्हींची सांगड घातली जाते.

व्याख्येचा प्रश्न : वादाचे मर्म बऱ्याच अंशी शब्दांत आहे. १९९५ मध्ये या विकाराच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने निदानाच्या चार कसोट्या ठरविल्या : हलण्याची इच्छा व तिच्यासोबतची संवेदना, चळवळेपणा, विश्रांतीत वाढ व हालचालीने उतार, आणि संध्याकाळी किंवा रात्री वाढ. २००९ मध्ये नीलाविकारतज्ञांनी आपली परिभाषा निश्चित केली, तेव्हा नीलाविकाराच्या लक्षणांच्या यादीत जडपणा, पेटके, खाज यांच्या पंक्तीला त्यांनी ‘अस्वस्थ पाय’ हे शब्दही बसविले. २०१४ मध्ये पहिल्या अभ्यासगटाने आपल्या कसोट्या सुधारून पाचवी जोडली : ही लक्षणे दुसऱ्याच एखाद्या स्थितीमुळे उद्‌भवलेली नसावीत. अशा फसव्या स्थितींची जी उदाहरणे दिली, त्यांत पेटके, संधिशोथ व पायांची सूज यांच्याबरोबर नीलांतील रक्तसाकळाही आहे. म्हणजे एका शाखेच्या मते जे नीलाविकाराचे लक्षण, तेच दुसऱ्या शाखेच्या मते अस्वस्थ पाय नसल्याचा पुरावा ठरते. नव्या व्याख्येनुसार शीर बंद करून पूर्ण बरा झालेल्या रुग्णाविषयी, त्याला तो विकार नव्हताच, असे म्हणण्याची सोय झाली. तर्काच्या दृष्टीने हे निर्दोष असले, तरी कँटर व हेज यांच्या रुग्णांपैकी खरोखर किती जणांना कोणता विकार होता, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. तो केवळ कागदावरून पुसला जातो.

उपचारांतील स्थान : २००५ मध्ये रोपिनिरोल या डोपामीनसदृश औषधाला अमेरिकेत या विकारासाठी मान्यता मिळाली व अशा औषधांचा वापर फार वाढला. दीर्घकाळ घेतल्यास त्यांमुळेच त्रास दिवसा लवकर सुरू होतो, हातांपर्यंत पसरतो व तीव्र होतो, असा अनुभव आल्याने २०२५ मध्ये अमेरिकेतील निद्रावैद्यक संघटनेने त्यांचा नेहमीचा वापर टाळण्याचा सल्ला दिला आणि गाबापेंटीन वर्गातील औषधे व लोह यांना अग्रस्थान दिले. रक्तातील फेरिटीन दर लिटरला ७५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असल्यास प्रौढांना लोह देण्याची शिफारस २०१८ पासून रूढ आहे. त्याच संघटनेच्या शिफारशींत नीलांवरील शस्त्रक्रियेचा समावेश नाही. मात्र गुडघ्याखालील तंत्रिकेला बाहेरून विद्युत्‌ चेतना देणाऱ्या साधनाला सशर्त स्थान मिळाले आहे. ज्या रुग्णाच्या पायांवर फुगलेल्या शिरा, घोट्याभोवती सूज किंवा काळवंडलेली त्वचा दिसते, त्याला उभे करून नीलांची श्राव्यातीत तपासणी करणे रास्त ठरते. उलटा प्रवाह आढळल्यास त्यावरील उपचार त्या नीलाविकारासाठी म्हणून करावयाचे असतात; घट्ट मोजे व पाय उंच ठेवणे यांपासून त्यांचा आरंभ होतो. रात्रीची बेचैनी त्याबरोबर गेल्यास तो लाभच होय. ज्याच्या नीला निर्दोष आहेत किंवा ज्याच्या पायांवर केवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा आहेत, त्याला निव्वळ झोपेसाठी शिरा बंद करून घेण्याचा सल्ला देण्यास उपलब्ध पुराव्याचा आधार नाही. [→ अपस्फीत नीला, निद्रा, लोहन्यूनताजन्य रक्तक्षय].